शकुंतला बाईंच्या व्हरांड्यातल्या झोळ्या

माझी मोठी बहीण शाळेत राहिली असती, तर कदाचित आज जिवंत असती.

हे आज लिहितेय, कारण तिला शाळेत ठेवायला ज्या धडपडल्या, त्या आमच्या शकुंतला बाई आज सकाळी अकोल्यात वारल्या. वय झालं होतं. झोपेतच गेल्या.

जानेफळकडचं आमचं गाव. महाराष्ट्र होऊन काही वर्षंच झाली होती. मी पहिलीत, कुसुमताई पाचवीत.
म्हणजे पाचवीत नाव होतं. ती घरीच असायची, कडेवर आमचा धाकटा भाऊ घेऊन.

बाई नव्यानेच बदलून आल्या होत्या. ट्रेनिंग कॉलेजच्या सरांनी त्यांना एक काम दिलं होतं. मुलं शाळा का सोडतात, ते वर्षभर टिपून रिपोर्ट पाठवायचा.
आज त्याला रिसर्च म्हणतात. बाई त्याला "चौकशी" म्हणायच्या.

शाळा सुटली की वही घेऊन घरोघर जायच्या. आमच्याकडे आल्या, तेव्हा आई वावरातून नुकतीच आली होती.

"कुसुमला काऊन पाठवत नाही?"

"पाठवली तं हे पोरगं कोन पाहीन, बाई? मी रोज तन निंदाले जातो."

बाईंनी वहीत लिहिलं. मग वही मिटली.
"पोरगंही येऊ द्या तिच्यासंगं."

"शाळेत?"

"हाव. शाळेत."

दुसऱ्या दिवशी व्हरांड्याच्या वाशाला आईच्या जुन्या लुगड्याची झोळी टांगली. महिन्याभरात तिथे पाच झोळ्या झाल्या. दोन तर मोमिनांच्या घरच्या मुलींच्या, ज्या कधी शाळेत आल्याच नव्हत्या.

ताई झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधायची आणि दाराशी बसून अपूर्णांक सोडवायची. भाऊ रडला की पाय हलवायची, पाटीवरची मान वर न करता.
वर्गात पहिली आली ती त्या सहामाहीला.

मग इन्स्पेक्शन आलं.

साहेब व्हरांड्यात उभे राहिले. "ही शाळा आहे की पाळणाघर?"

हेडमास्तर खाली बघत राहिले. बाईंनी वही पुढे केली. कोण मुलगी किती दिवस गैरहजर होती, आता किती दिवस येते, सगळं लिहिलेलं.
साहेबांनी वही उघडलीसुद्धा नाही.

आठवड्यात लेखी ऑर्डर आली. पटावर नाव नसलेलं मूल शाळेच्या आवारात दिसता कामा नये.

बाईंनी स्वतःच्या हातांनी झोळ्या सोडल्या. ताईनं लुगड्याची घडी केली.
"बाई, मी उद्या येऊ?"
"एकटी ये."
"एकटी कशी येऊ?"

ताई पुन्हा आली नाही. त्या पाचांपैकी कुणीच आलं नाही.

दोन वर्षांत ताईचं लग्न झालं, सुलतानपूरकडे. पुढच्या वर्षी पहिल्या बाळंतपणात अडली. बैलगाडीतून मेहकरच्या दवाखान्यात नेता नेता वाटेतच गेली.
बाळही गेलं.

तेराव्याला बाई आमच्या घरी आल्या. तोवर माझीही शाळा सुटल्यात जमा होती. घरात कामाला हात नव्हता.
बाईंची बदली बुलढाण्याला झाली होती. त्या बाबांना म्हणाल्या, "विमलला मी संगं नेतो. माझ्याजवळ राहीन, शिकीन."

बाबा म्हणाले,
"न्या बाई. एक तरी वाचू द्या."

मी वाचले. शिकले, शिक्षिका झाले, रिटायर झाले. ताई गेली म्हणून मला ती वाट मिळाली, हे कुणाला सांगायची हिंमत आजवर झाली नव्हती.

रिपोर्टचं काय झालं, असं मोठेपणी बाईंना विचारलं होतं. "पाठवला. पोच आली. पुढं काही नाही."
ती वही मात्र त्यांनी जपली होती. त्यात ताईच्या नावापुढे निळ्या शाईत होतं: हुशार. कारण, धाकटा भाऊ. त्याखाली काळ्या शाईत: बाळंतपणात वारली.
बाकीच्या चौघींपुढेही काळ्या शाईत काही ना काही होतं. मी ते सगळं वाचू शकले नाही.

गेल्या दिवाळीत भेटायला गेले, तेव्हा बाई म्हणाल्या, "विमल, मी ती ऑर्डर मानायला नको होती गं. नोकरीला भ्याले मी."

मी चहाचे कप उचलून आत गेले.
कारण खरं सांगायचं तर लहानपणापासून मलाही तेच वाटत होतं.

परत येताना बसमध्ये ठरवलं, पुढच्या खेपेला सांगायचं. त्या पंचविशीच्या, एकट्या, नव्या नोकरीतल्या बाईनं आणखी काय करायचं होतं? ज्यांनी वही उघडली नाही, त्यांना कुणी कधी विचारलं नाही.

पुढची खेप झालीच नाही.

बाई, दोष तुमचा नव्हता. हे तुम्ही ऐकून जायला हवं होतं.

तुमच्या विमलचा शेवटचा नमस्कार.