धवल्यांसाठी आणलेली हार्ड डिस्क

आमच्या मिठागरावरच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. बी.एस्सी., तेही केमिस्ट्री घेऊन. यंत्र बिघडलं की आधी माणसाचं डोकं तपासावं, हे माझं जुनं मत. त्या आठवड्यात मला बरीच डोकी तपासायला मिळाली.

माझ्या कॉम्प्युटरची जुनी हार्ड डिस्क कटकट वाजू लागली होती. तिच्यात आईचे धवले होते, लग्नात गायची गाणी. आई धवलारीण, आमच्याकडची लग्नं तिच्या गाण्याशिवाय लागत नसत. हल्ली मांडवात डीजे बडवतात आणि त्यालाच लोक लग्न म्हणतात. आईचा गळाही आता गेला, बोलते तेच घोगरं. म्हणजे पुन्हा रेकॉर्ड करणं नाही. जे होतं ते त्या वाजणाऱ्या डबड्यात.

पनवेलच्या बाजारातून नवी डिस्क आणली. आमच्या घरात हळद लागल्याशिवाय नवी वस्तू वापरत नाहीत. फ्रिज, मिक्सर, स्कूटर, कुणी सुटलेलं नाही. आईने आतून विचारलं, "हलद लावलीस काय रं?" वाद कोण घालणार? ओल्या हळदीचं बोट डिस्कवर टेकवलं, कुठे ते पाहिलंही नाही, आणि ती बसवली.

कॉम्प्युटरला ती दिसेना.

दुकानदाराला फोन केला. "रीस्टार्ट मारा, काका. चार-पाच वेळा मारा."

कॉम्प्युटर चालू केला की जुनी डिस्कही फिरणार, आणि ती आणखी किती वेळा उठेल याचा भरवसा नव्हता. हे त्याला समजावलं.

"मग पीसीच बदला ना. अँटिक झालाय तुमचा."

विकताना हाच गृहस्थ म्हणाला होता, कुठल्याही पीसीला चालते. तरी त्याचं ऐकून मी तीन रीस्टार्ट मारले. दर वेळी कटकट वाढलेली.

मग वरच्या मजल्यावरचा इंजिनीअर आला. तळोज्याला कुठल्याशा कंपनीत आहे आणि ते तो जिन्यातही सांगतो. चहा प्यायला, खुर्चीत रेलला आणि म्हणाला, "बायोस अपडेट करावा लागेल."

"झाकण उघडून बघू या का?"

"त्याची गरज नसते हो." आणि त्यानेही एक रीस्टार्ट मारला. बिस्किटं संपवून गेला. चार वर्षं कॉलेजात काय उघडलं असेल याने!

शेवटी कॅबिनेट मीच उघडलं. वायर उपसली. नव्या डिस्कच्या तोंडाशी, जिथे त्या सोनेरी पट्ट्या असतात, तिथे हळद वाळून घट्ट बसली होती. माझ्याच बोटाची.

आई मागे येऊन उभी राहिली. वाकून पाहिलं आणि हसायला लागली. "आरं बाला, हलद कपालाला लावतात! तू तोंडान कोंबलीस? आनि म्हने शिकलेला हाय!"

आठवडाभर सगळ्यांची डोकी तपासली, एक राहून गेलं होतं.

कोरड्या ब्रशने हळद काढली, पट्ट्या खोडरबराने पुसल्या. या खेपेला डिस्क दिसली. कोरी होती, ती फॉरमॅट केली आणि एकेक धवला उचलायला लागलो. आई स्टूल ओढून शेजारी बसली. सगळे आले, एक सोडून. बहिणीच्या लग्नातला. त्याच्यावर जुनी डिस्क अडकली, दोनदा खरवडली आणि थांबली. परत उठली नाही.

आधीचे चार रीस्टार्ट वाचले असते तर तोही आला असता, असं मला आजही वाटतं. दुकानदार, इंजिनीअर आणि मी, तिघांनी मिळून तो घालवला.

"जाऊ दे," आई म्हणाली. "त्या लग्नात मी नीट गायलेच नव्हते."

खोटं. त्या मांडवात मी स्वतः मोबाइल धरून उभा होतो. तिने पहिली ओळ उचलली तेव्हा नवऱ्याकडच्या बायका भांडण अर्धवट सोडून ऐकायला आल्या होत्या.