पदराचं टोक

डोळ्यात गेलेला कापूस काढावा तर आमच्या सासूबाईंनीच. हे मी नाही, सारं गाव म्हणायचं. पदराच्या टोकाला पीळ देऊन त्याची वात करायच्या, जिभेवर ओली करायच्या, समोरच्या बाईची पापणी उलटवायच्या आणि आतलं कस्तर अलगद टिपून घ्यायच्या. बाईला कळायचंही नाही. त्या हाताचा त्यांना मोठा अभिमान होता, आणि का नसावा?

आमचं गाव अकोल्याजवळ. साता समुद्रापलीकडे कुठंशी लढाई जुंपली होती आणि तिच्यापायी आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. जो तो अकोल्याचा नाही तर अमरावतीचा बाजार गाठायला पळत होता. आमच्या अंगणातल्या मांडवात बाया दिवसभर हातरेचे, ते लाकडी चरक, फिरवून कापसातली सरकी वेगळी काढायच्या. रुईचे तंतू उडायचे ते भाकरीवर, केसांत, डोळ्यांत. त्यामुळं कुणाचा डोळा लाल झाला की निदान एकच, कापूस गेला. की चालली बाई सासूबाईंकडे.

त्या हंगामात बायांचे डोळे धडाधड लाल व्हायला लागले, आणि मला खटकलं. कापूस गेला तर एका डोळ्यात जाईल, टोचेल, निघाला की संपलं. इथं तर एका डोळ्यातून दुसऱ्यात जात होतं, सकाळी पापण्या चिपडांनी चिकटून बसत होत्या. माझं माहेर चांदूर बाजारचं. तिथं याला डोळे येणं म्हणत, आणि ज्याचे आले त्याचं फडकं, पाणी, अंथरूण सारं वेगळं. आई अशा माणसाचे डोळे धुतले की राखेनं हात घासायची.

सासूबाईंना मी मामी म्हणायची. म्हटलं, "मामी, हे कापसाचं नोहे. डोये आले हायेत."

"तू मले शिकवून राहिली काय वं? माह्या हाताखालून सारं गाव गेलं."

सारं गाव गेलं, तेच तर! पण ऐकतं कोण? आमचा गुराखी मांडवाकडे फिरकतही नसे. त्याच्या डोळ्यात धूळ गेली, ती सासूबाईंनी त्याच पदरानं काढली, आणि लगेच त्याचेही डोळे गुंजेसारखे लाल. मी ते दाखवलं तर म्हणे, त्याले ऊन लागलं. घ्या आता!

हे चाललेलं असतानाच माझी नणंद हिवरखेडहून बाळंतपणाला आली आणि तिला मुलगी झाली. दोनदा पोट पडल्यानंतरचं ते लेकरू. मी नणंदेला बजावलं, पोरीच्या डोळ्याला कुणाला हात लावू देऊ नको, तुझ्या आईलाही नाही. ती हसली. "मायच्या हाताचं काय भ्याव?"

बारशाच्या दोन दिवस आधी मी विहिरीवरून परत आले तर सासूबाई बाळंतिणीच्या खाटेवर बसलेल्या, नात मांडीवर, पदर हातात.

"मामी, हात नोका लावू!" मी ओरडलेच.

"झालं बी. निंगाला पाह्य," त्या खुशीत म्हणाल्या आणि पदराच्या टोकावरचा तंतू मला दाखवला. खरोखरच कापसाचा होता, तेवढं मी नाकारत नाही.

बारशाला पोरीचे डोळे उघडलेच नाहीत. पापण्या फुगल्या होत्या आणि पिवळा पू वाहत होता. मग मीही कुणाचं ऐकलं नाही. पाणी उकळून गार केलं, दर पुसण्याला रुईचा नवा बोळा घेतला आणि पुसला की चुलीत टाकला. घरात ढिगानं रुई पडलेली, आणि आम्ही पदरानं डोळे पुसत होतो! संताप संताप झाला माझा. एक शेजारीण मोरचूद घाला म्हणत आली, तिला मी दारातूनच परतवून लावली. अकोल्याचे हकीमजी आणवले. तेही म्हणाले, असंच धूत राहा, झोंबणारं काही घालू नका. बायांचे डोळे आपोआप बरे होतील, फक्त एकीचं फडकं दुसरीनं वापरू नये. तान्ह्या डोळ्यांचा मात्र त्यांनी भरवसा दिला नाही.

बायांचे झालेही बरे. पोरीचा एक डोळा स्वच्छ उघडला. दुसऱ्याच्या बुबुळावर पांढरं फूल पडलं होतं. ते आता निघायचं नाही, हकीमजी म्हणाले. सासूबाई चुलीपाशी उभं राहून ऐकत होत्या. त्या दिवसापासून त्यांचा पदर कंबरेला घट्ट खोचलेला असायचा. कुणी डोळा दाखवायला आली की म्हणायच्या, "पाण्यानं धू, माय." मला त्यांचा रागही यायचा आणि त्यांच्यासाठी रडूही यायचं.

पोर बोलायला शिकली, आजोळी आली. मांडवातल्या बाया आपसांत सासूबाईंच्या हाताचं जुनं कौतुक करत बसल्या होत्या. कुठं काय बोलावं ते कळतं का कुणाला! पोरीनं ते सगळं ऐकलं. पाण्यानं भरलेल्या घंगाळात वाकून तिनं आपलं तोंड पाहिलं, मग धावत येऊन आजीच्या मांडीवर चढली. पांढऱ्या डोळ्याची पापणी बोटानं वर धरून म्हणाली, "आजी, माह्याबी डोयातला कापूस काढ ना."

सासूबाईंचा हात सवयीनं कंबरेच्या पदराकडे गेला, आणि तिथंच राहिला.