पटाच्या दिवशी दाखल झालेला दावा

आमच्याकडे भांडण असो की सोयरीक, सगळं मंडईनंतर ठरतं. दिवाळी झाली की गावोगाव मंडईची जत्रा भरते, पाहुणे येतात, मग बसून मिटवू. ही सवय एखाद्याच्या पायावर कशी उठते, ते मी दिघोरीत पाहिलं.

माझी मोठी माय, म्हणजे मोठ्या काकांची बायको, पावसाळ्यात धानाच्या रोवणीहून पायी घरी येत होती. मागून भावकीतल्याच एका पुतण्याच्या ट्रॅक्टरने तिला उडवलं. मांडीचं हाड मोडलं. आता तिला धानाच्या बांधीतल्या चिखलात उभं राहता येत नाही, आणि रोवणी हीच तिची कमाई.

पोलिसांत नोंद झाली. पण भरपाईचं विचारलं की पुतण्या गोड बोलायचा. मंडई होऊ दे, काकी. मंडई झाली, तर धानाचं चुरणं-मळणी होऊ दे. चुरणं झालं, तर बैलांच्या शर्यतीचा शंकरपट होऊ दे. घरचेही माना डोलवायचे. गावात बसायच्या आधी कोर्टात गेलो तर लोक काय म्हणतील?

मी गावोगाव कायद्याच्या माहितीची पत्रकं वाटत फिरणारा माणूस, मला गोड बोलता येत नाही. सरळ सांगितलं: ट्रॅक्टरचा विमा संपलेला आहे, भरपाई त्याच्याच खिशातून जाणार आहे, आणि असा दावा सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. त्याला पटाचं काही पडलेलं नाही, तो मुदत संपायची वाट पाहून राहिला आहे. काका म्हणाले, आधी अशी मुदत नव्हती. नव्हतीच. नंतर कायद्यात घातली, आणि गावात येऊन कुणी दवंडी पिटली नाही.

मोठ्या मायनं कुबडी जवळ ओढली. मग म्हणाली, "पट कवा हाय?"

"परवा."

"मंग परवाच जाऊ. अडवाले गावात कोणी राहनार नाही."

पटाच्या दिवशी गाव शर्यतीला पळालं. आम्ही साकोलीला एसटी बदलून भंडाऱ्याच्या कोर्टात पोचलो. तिथल्या माझ्या ओळखीच्या वकीलबाई म्हणाल्या, अपंगत्वाचा दाखला मागून जोडू, आधी दावा आत जाऊ द्या. मोठ्या मायनं कुबडी बाकाला टेकवली आणि ठसठशीत सही केली. दावा मुदतीत दाखल झाला. मी कोर्टाच्या पायरीवर शिट्टी मारली. शिपायानं दटावलं, तरी पुन्हा मारली.

बातमी गावात आमच्याआधी पोचली. सकाळी पुतण्या दारात हजर.

"काकी, काहून घाई केली? पट झाला, आता बसलोच असतो ना."

"बस ना." मोठ्या मायनं कुबडीनंच खाट दाखवली. "चहा पी. बाकीचं कोर्टातल्या साहेबासमोर बोलू."