रेडिओ आणि धाकटी

घरात तिला सगळे रेडिओ म्हणायचे, आणि तिला ते आवडायचं. जिन्याखालच्या एवढ्याशा दुकानात ती कपडे दुरुस्त करायची. कुणाची पँट आखूड, कुणाची झिप अडकलेली, कुणाचं पोट सुटल्यामुळे कंबर सैल करायची. दिवसभरात जे दिसेल ते रविवारी जेवायच्या टेबलावर ती असं रंगवून सांगायची की सासूबाईंचा घास हातातच राहायचा. तिच्यासमोर तिची जाऊ बसायची. ही धाकटी रक्ततपासणीच्या लॅबमध्ये सुई टोचायचं काम करायची, आणि जेवताना मूग गिळून बसायची.

एका रविवारी रेडिओनं एका गिऱ्हाइकाची गोष्ट सुरू केली होती. नवरदेवाचा सूट घट्ट होतो आणि तो मान्यच करत नाही, अशी. गोष्ट ऐन रंगात आली असताना सासूबाई फोनकडे बघून खुदकन हसल्या.

"काय झालं?" रेडिओनं विचारलं.

"अगं, ही लिहिते की! हिच्या लॅबमधल्या मुलीनं पाठवलंय. ब्लॉग का काय म्हणतात तो." सासूबाईंनी फोन लांब धरून वाचायला घेतलं. एक म्हातारे गृहस्थ दर वेळी सुई बघायला नको म्हणून विनोद सांगतात, आणि विनोद नेमका टोचताना विसरतात, एवढंच होतं त्यात. पण सगळे हसले, आणि सासरे म्हणाले, "पुन्हा वाच." धाकटी खाली मान घालून लाजत होती.

नवरदेवाच्या सूटचं पुढे काय झालं ते कुणीच विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा रेडिओनं धाकटीचा सगळा ब्लॉग वाचून काढला. चुका शोधतच वाचला. एका ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घाची चूक सापडली तेव्हा तिला जेवल्यासारखं बरं वाटलं. पण खाली अनोळखी माणसांनी लिहिलं होतं. एकीनं लिहिलं होतं, 'तुमचं वाचून आईला तपासणीला नेलं, ती भीत होती, आता भीत नाही.' इतकी वर्षं आपण तोंडाचा पट्टा चालवला, कुणी कधी असं म्हणालं का?

त्याहून जास्त तिला टोचत होतं ते धाकटीचं बदलणं. पूर्वी कामावरून पाय ओढत येणारी ही बाई आता जिन्यात गुणगुणत यायची.

"काय मिळतं गं तुला त्यातून?" रेडिओनं एकदा जिन्यातच विचारलं. "पैसे?"

"छे, ताई. दिवसभर माणसं माझ्यापुढे हात करतात आणि तोंड फिरवतात. संध्याकाळी लिहायला बसलं की त्यांचे चेहरे आठवतात. तेवढंच."

तेवढंच! रेडिओनं त्याच आठवड्यात नवऱ्याला कामाला लावून स्वतःचा ब्लॉग उघडला. नवरदेवाची गोष्ट लिहिली. दुकानात सांगताना जिच्यावर लोक पोट धरून हसायचे ती गोष्ट पडद्यावर मेल्यासारखी पडली. भुवया उडवता येईनात, नवरदेवाचा आवाज काढता येईना. वाचणारा एकटा नवरा, आणि खाली शिलाई मशिनची जाहिरात टाकून गेलेला कुणीतरी.

"तू तिचंही वाचतोस का?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"वाचतो की. चांगलं लिहिते."

त्या संध्याकाळी ती नवऱ्याशी बोलली नाही. त्याला ते बराच वेळ कळलंही नाही, याचा राग वेगळाच.

मग एका रविवारी तिच्या तोंडून निघून गेलं. "लोकांच्या दुखण्यावर लिहायचं आणि वाहवा मिळवायची, आपल्याला बाई जमत नाही."

धाकटीनं चमचा खाली ठेवला. आवाज न चढवता म्हणाली, "ताई, मी लग्न होऊन आले तेव्हापासून या टेबलावर एक वाक्य पुरं केल्याचं आठवतंय तुम्हाला? तिथे मला मधे कुणी तोडत नाही. म्हणून लिहिते."

सासूबाईंनी पाण्याचा जग उगाच इकडचा तिकडे केला. रेडिओच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण आठवून आठवून धाकटीचं एकही पुरं वाक्य आठवत नव्हतं.

पुढे दोन-तीन दिवसांनी एक बाई पुरुषाचा कोट घेऊन दुकानात आली. तिला तो स्वतःच्या मापाचा करून हवा होता. एरवी रेडिओनं लगेच दुसऱ्या कुणाच्या तरी कोटाची गोष्ट सुरू केली असती. पण आता तिला धाकटीच्या तोडीचं काहीतरी लिहायचं होतं, म्हणून ती टाचण्या ओठांत धरून गप्प माप घेत राहिली. बाई आपणहून बोलू लागली. "खांदे आत घ्या, पण उजव्या खिशाचं भोक शिवू नका. ह्यांच्या किल्ल्या नेहमी त्यातून अस्तरात पडायच्या. मग दारात उभं राहून अख्खा कोट चाचपायचे आणि मला हाका मारायचे."

रेडिओनं तेवढंच लिहिलं. भुवया नाहीत, आवाज नाहीत. नवऱ्यानं वाचलं आणि थोड्या वेळानं स्वयंपाकघरात येऊन विचारलं, "मग शिवलास का खिसा?"

"नाही शिवला," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. का, ते तिलाही नीट सांगता आलं नसतं.

त्या लेखाला मोजके वाचक मिळाले. त्यात धाकटीनं लिहिलं होतं, 'ताई, मी दोनदा वाचलं.' रेडिओनंही ते दोनदा वाचलं, आणि मग लगेच धाकटीचे वाचक किती झाले ते पाहिलं. पुष्कळ झाले होते. जळफळाट काही गेला नाही. पण रेडिओ लिहीत राहिली, आणि लिहायला हवं म्हणून ऐकत राहिली. दुकानात येणारी माणसं आता काम झाल्यावरही थोडी रेंगाळू लागली. नवरा जेवण झालं की विचारायचा, आज कोण आलं होतं.

रविवारी ती अधूनमधून थांबून म्हणायची, "तू सांग गं." मग धाकटी घसा खाकरून सांगू लागायची. शेवट आधीच सांगून टाकायची, नावं विसरायची, स्वतःच मधे हसायची. रेडिओ मन लावून ऐकायची. हिला सांगता मात्र अजिबात येत नाही, असं मनात म्हणायची, आणि तिला फार फार बरं वाटायचं.