शुक्रवार पेठेतला कप्तान

शुक्रवार पेठेत पाणी नळाला येईल तेव्हाच दिसतं, तरी पेठेला स्वतःचा कप्तान आहे. मृत्युंजय अण्णांनी जन्मभर दुकानात चादरी विकल्या आणि निवृत्त झाल्यावर वाचनालयातल्या आरमारी कादंबऱ्यांच्या नादाला लागले. समुद्र त्यांनी पाहिलेला नाही. पण शिडाचं लढाऊ जहाज वाऱ्याविरुद्ध तिरकं तिरकं कसं काढायचं, तोफा एकदम डागल्या की ते कसं हादरतं, हे चहाच्या गाड्यावर कुणी न विचारता सांगतात. लोक चेष्टेने ‘कप्तान’ म्हणू लागले. अण्णांनी ते कौतुकात जमा केलं. आता नुसतं ‘अण्णा’ म्हटलं तर त्यांना ऐकू येत नाही.

बायको चंद्रव्वा एवढंच म्हणायची, “अवो, येवढं ठावं हाय तर एकदा समुद्र दावा की मला.”

“वारा बघून जाऊ,” कप्तान म्हणत. वारा काही अनुकूल होईना.

परवा दोघं लेकीच्या सासरी, उजनीच्या काठाला गेली. व्याही मल्लिनाथ केळीवाले. धरणाचं पाणी मागं सरलेलं, पंप पुढे न्यायचा होता.

“चला की कप्तान, होडीनं जाऊन येऊ.”

नाही कसं म्हणणार? पदवीचा प्रश्न होता. अण्णा छाती काढून पुढे बसले, चंद्रव्वा मागे. दोन वल्ही मारली नाहीत तोवर अण्णांच्या पायाला गार लागलं. तळाशी पाणी. कादंबरीत तळात पाणी शिरलं की पुढच्या पानावर जहाज बुडतं.

“तळ फुटलाय, जहाज सोडा,” असा हुकूम देऊन अण्णांनी तो सर्वांआधी पाळला. पाणी गुडघाभर निघालं.

मल्लिनाथ डब्याने पाणी उपसत म्हणाले, “पाव्हणं, त्ये रोजचंच हाय.”

अण्णा चिखलात उभे. कप्तान सगळ्यात शेवटी उतरतो, हे त्यांनीच साऱ्या पेठेला शिकवलेलं. ही बातमी पोचली की पुन्हा नुसतं ‘अण्णा’ होणं आलं.

होडीत ऐसपैस बसलेल्या चंद्रव्वाने हळूच विचारलं, “पेठेत सांगू काय?”

“नको गं.”

“मग समुद्र?”

“जाऊ की.”

“वारा बघून?”

“न बघता.”

परतल्यावर तिने चारचौघींत सांगितलं, आमचे हे शेवटी उतरले. रत्नागिरीची तिकिटं त्याआधीच काढून घेतली होती. मल्लिनाथांना गप्प राहायला मात्र कुणीच सांगितलं नव्हतं. पेठ अजूनही ‘कप्तान’ म्हणूनच हाक मारते; फक्त आधी त्यांच्या चपला कोरड्या आहेत का बघते.