घरात बहीण आहे

माझा धाकटा भाऊ जन्मापासून अंथरुणावर. मान धरायचा नाही, घास गिळायलाही त्याला दुसऱ्याचा हात लागायचा. आमची फुलशेती होती. पहाटेच आई झेंडू घेऊन पंचवटीच्या बाजारात जायची, वडील मळ्यात. मागे भाऊ आणि मी. त्याला पुसणं, भरवणं, कूस बदलणं, सगळं माझ्याकडे. मी बारावीला होते आणि वर्गात क्वचितच दिसायचे.

अशा मुलांसाठी सरकार घरी सांभाळायला बाई देतं, असं कॉलेजातल्या बाईंनी सांगितलं. मीच अर्ज लिहिला. त्याला मांडीवर घेऊन रिक्षाने सरकारी दवाखान्यात नेलं, अपंगत्वाचा दाखला आणला.

मग चौकशीला कचेरीतले साहेब आले. मी केलेला चहा पीत त्यांनी दारातूनच भावाकडे पाहिलं.

"याचं कोण करतं?"

आईने कौतुकाने माझ्याकडे बोट दाखवलं. "ही करती ना. लय माया हाय तिची."

साहेबांनी तेवढंच लिहून घेतलं. अर्ज नामंजूर झाला. कारण, घरात बहीण आहे.

मी आईला घेऊन कचेरीत गेले. "साहेब, मला शिकायचंय."

"सख्खा भाऊ ना तुझा? मग सरकारने कशाला करायचं?"

"म्हणजे जन्मभर मीच?"

"जन्मभर कशाला? लग्न होईलच की. झालं की या, मग बघू."

शेजारचा कारकून फिदीफिदी हसला. त्या दोघांच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं मला. आईने मात्र हात जोडले. "बरं साहेब."

घरी तिने ते वडिलांना जसंच्या तसं सांगितलं. मला वाटलं, ते चिडतील. त्यांनी मामाला निरोप धाडला, पोरीला स्थळ बघ.

"बारावी तरी होऊ द्या," मी म्हणाले.

"मग याचं काय करायचं? तू गेल्याबिगर ते देत नाय."

इगतपुरीचा रेल्वेतला मुलगा मिळाला. परीक्षेआधीच अक्षता पडल्या. नव्या अर्जाला वडिलांनी पुरावा म्हणून माझी लग्नपत्रिका जोडली. या खेपेला मंजुरी आली.

दिवाळीला माहेरी आले, तर ती बाई भावाला भात भरवत होती. बाई चांगली होती, तेच मला सहन होईना. मी तिच्या हातातून वाटी घेतली, घास पुढे केला. भावाने तोंड फिरवलं.

"ताई, तुम्ही नका. ठसका लागंल त्याला."

मला सांगत होती!

वडील खुशीत होते. "झालं ना काम शेवटी?"

"माझी पत्रिका लावून झालं."

"मग काय बिघडलं? तुझंबी भलंच झालं."

"माझं भलं मला कुणी विचारलं होतं?"

आईने घाईघाईने ताट वाढलं. मी ताटाला हात लावला नाही, पिशवी उचलली आणि स्टँडवर आले. आई फराळाचा डबा घेऊन मागोमाग धावत आली. बस सुटेपर्यंत ती खिडकीखाली डबा वर धरून उभी होती. मी काच लावून घेतली.