तुडवलेल्या सळ्या

धाकट्यांना देवाने जीभ दिली ती सरळ. तिला वळण द्यायचं राहून गेलं. इमारतींच्या मजबुतीचे हिशेब करणारे ते इंजिनिअर. पिशवीत कायम एक छोटी हातोडी. कुणाकडे चहाला गेले तरी भिंत ठोकून बघणार आणि मनात येईल ते बोलणार. लग्नासाठी मुलगी बघायला गेले, तेव्हा तिच्याच घरच्या जिन्याचा कठडा ठोकला आणि सगळ्यांच्या देखत सांगितलं, की हा आधी पाडा, मग बाकीचं बोलू. सासऱ्यांनी कठडा पाडला, पण जावयाला अजून माफ केलेलं नाही.

एका माणसापुढे मात्र ही जीभ अडखळायची. ते म्हणजे थोरले भाऊ. आईवडील लवकर गेले. थोरल्यांनी विटा वाहून धाकट्यांना शिकवलं आणि पुढे स्वतः कंत्राटदार झाले. माया अमाप, आणि हातही तितकाच चालायचा. एकदा गणित चुकलं म्हणून पट्टीने पाठ सोलून काढली, आणि मग तेच रडत रडत मलम लावत बसले.

या थोरल्यांनी स्वतःसाठी चार मजली इमारत उभी केली. वरच्या तिन्ही मजल्यांना रस्त्याच्या अंगाला सहा-सहा फुटांच्या गॅलऱ्या, खाली आधाराला लाकडी टेकू. टेकू दुसऱ्या दिवशी काढायचे आणि आठवड्याभरात सगळ्यांनी राहायला जायचं ठरलेलं. सकाळीच धाकट्यांना निरोप गेला, की येऊन सल्ला दे. सल्ला कसला, शाबासकी हवी होती.

धाकट्यांनी पहिल्या मजल्याची गॅलरी ठोकली, कान लावला, आणि छिन्नी मागवून भिंतीलगत वरून खणायला घेतलं. बोटभर खाली सळई लागायला हवी होती. ती लागली चार बोटांवर. पुढे केलेल्या हातावर ओझं ठेवलं की ताण दंडाच्या वरच्या अंगाला येतो. गॅलरीचंही तसंच, तिचा सगळा जीव वरच्या सळ्यांत. काँक्रीट ओतताना कुणाच्या तरी पायांनी त्या तुडवल्या जाऊन खाली बसल्या होत्या. उरलेल्या दोन गॅलऱ्यांतही तेच निघालं.

"दादा, टेकू काढू नकोस. तिन्ही पाडाव्या लागतील."

थोरल्यांनी आधी हसून बघितलं. वहिनींनी पडद्यांची मापंसुद्धा घेतली आहेत म्हणाले. धाकटे होकाराची मान हलवेनात. तेव्हा फाडकन थोबाडीत बसली. ओठ फुटला. आपण शिकवलेलं पोर आपल्याच माणसांसमोर आपल्याला अक्कल शिकवतं, असं ओरडत थोरले खाली गेले आणि टेकू आत्ताच काढा म्हणाले. एकही मजूर पुढे होईना, तेव्हा त्यांनी स्वतःच कडेच्या टेकूला लाथ घातली. तो उडाला. वर बारीकशी करकर झाली.

धाकटे मागोमाग धावले आणि मधल्या टेकूला त्यांनी मिठी मारली.

थोरल्यांनी फळी उचलली. पहिला फटका पाठीत, दुसरा खांद्यावर. मिठी सुटेना, म्हणून मग बोटांवर. हाड मोडल्याचा आवाज मजुरांनाही ऐकू गेला. धाकट्यांच्या तोंडून रक्त आणि लाळ गळत होती, पण हात तसेच. थोरले मारता मारता रडत होते आणि रडता रडता मारत होते.

अखेर म्हातारा मुकादम मधे पडला. फळीचा एक फटका त्याच्या कपाळावर बसला, तरी तो हटला नाही.

"शेठ, त्यांना काय मारता? ओतायच्या तिन्ही दिवशी त्या सळ्यांवर बूट घालून तुम्हीच उभे होतात. आमची सांगायची छाती झाली नाही."

फळी खाली पडली. थोरले किती तरी वेळ आपल्या पायांकडे बघत राहिले. मग एकाला घण आणायला पाठवलं आणि धाकट्यांसमोर उकिडवे बसले. माफी मागणं त्यांना कधी जमलं नव्हतं, तेव्हाही जमलं नाही.

"कुठून फोडू, सांग."

"आधी तो पडलेला टेकू लाव," धाकटे म्हणाले. बोलताना एक दात ओठावर आला, तो त्यांनी थुंकला. "मग वरच्या गॅलरीपासून. बाहेरच्या टोकाकडून आत यायचं. टेकू सगळ्यात शेवटी."

थोरल्यांनी ते शब्दाला शब्द परत म्हणून दाखवलं, धड्यासारखं. मग धाकट्यांना पाठुंगळी घेऊन ते दवाखान्याकडे पळत सुटले.